राजापूरच्या गंगेजवळ बाग हवी की नको?

सड्यावरचा:
उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर आंघोळ, मग गंगास्नान, मग धूतपापेश्वराचं दर्शन, असा यात्रेचा क्रम. ही गंगा म्हणजे अधूनमधून प्रकटून पुन्हा आटणारा झरा; ती ऐन वैशाखात आली तर १४ कुंडांभोवतीचा चिरा दुपारी तळपाय भाजतो. म्हातारी माणसं टेकणार कुठे? माझ्या मते तिथे हिरवळ, फुलझाडं आणि बाकं अशी नीट बाग करावी. तीर्थावर घटकाभर निवांत बसणं हाही यात्रेचाच भाग.

जांभा:
हिरवळीला साफ विरोध. उन्हाळ्यात तिला चौरस मीटरला रोज ४-५ लिटर पाणी लागतं, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटरपर्यंत. मग कुणीतरी बोअर मारणारच. गंगेच्या येण्याजाण्याचा नेहमी दिला जाणारा खुलासा वक्रनलिकेचा: डोंगरातल्या पोकळीत पाणी साठतं, पातळी वाकड्या वाटेच्या माथ्यावर चढली की वाहू लागतं, आतल्या तोंडाखाली उतरली की हवा शिरून धार तुटते. सगळा खेळ पातळीचा, आणि बोअर तीच ओढणार. शिवाय इथला जांभा दगड सच्छिद्र. वर टाकलेला युरिया पाण्याबरोबर थेट खाली जातो. मूळ गंगेचं, म्हणजे उगमाच्या कुंडाचं, पाणी लोक घरी नेतात हो!

सड्यावरचा:
वक्रनलिका हा तर्क आहे. साधारण तीन वर्षांनी येणारी गंगा अलीकडे लागोपाठच्या वर्षांतही आली, ते एका पोकळीच्या हिशेबात सहज बसत नाही. पण बोअर नको, हे मान्य. गुंठ्याला मार्च ते मे ४५ हजार लिटर लागतील. ३,००० मिलिमीटर पावसात २० चौरस मीटर पत्र्यावर ६० हजार लिटर पडतं. पाचवा भाग वाया गेला तरी पुरतं. टाकी बांधा.

वडाखाली:
एवढी टाकी गवतासाठी? सावली हवी तर झाडं लावा: उंडी, करंज, बकुळ. कातळात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा पहारीने काढायचा. सुरुंग अजिबात नको, भेगा सरकल्या तर पाणी वाट बदलेल. माती आणि शेणखत भरून मृगात रोप लावायचं, पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५ लिटर. कुंडाच्या बांधकामापासून दहा मीटर लांब. नवा वड-पिंपळ मात्र नको, मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरून भिंत फोडतात. मूळ गंगेजवळच्या जुन्या वडाला हात लावू नये.

जांभा:
झाडांना हरकत नाही, फक्त शेणखत कुंडांच्या वरच्या अंगाला नको, उताराच्या खालच्या बाजूलाच. आणि त्याआधी साबणाचं बघा. लोक कुंडातच साबण लावतात. अंग चोळायची जागा बाहेर हवी, तिचं गटारही खालच्या अंगाला.

सड्यावरचा:
खालच्या अंगाला झाडं लावून दुपारची सावली कुंडांवर पडेल का? पश्चिमेला दोन तरी लागतील.