वाळूज: ठेकेदारानं ब्रेक दिला, शिल्लक पीएलचे (पगारी रजेचे) पैसे मिळतात का?

सोयगावचा

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे, ठेकेदाराच्या नावावर. जानेवारी 2025 ला लागला, नोव्हेंबरअखेर 280 हजेऱ्या भरल्या आणि ठेकेदारानं ब्रेक दिला. जानेवारीत परत घेऊ म्हणतात. वर्षभरात एकही पीएल मिळाली नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला पाच दिवस गेला तर ते बिनपगारी टाकले. हिशेबाला गेल्यावर तीन उत्तरं मिळाली: कंत्राटी कामगाराला पीएल नसते, वर्ष पूर्ण झालेलं नाही, आणि तसंही 31 डिसेंबरला रजा लॅप्स होतात.

पगार 15,600. मूळ 10,400 आणि विशेष भत्ता 5,200, महिन्याच्या 26 हजेऱ्यांना. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापतात. यातलं खरं काय? पैसे निघत असतील तर किती, आणि मागायचे कोणाकडं?

पगारपत्रक

तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. फक्त ऑक्टोबरच्या पाच दिवसांबद्दल तुमची बाजू लंगडी आहे, ते आधी सांगतो.

कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 79 प्रमाणे (21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या संहितेनं घेतली) एका कॅलेंडर वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षात पगारी रजा घेता यायची, दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस. म्हणजे 2025 ला लागलेल्या माणसाची रजा 2026 मध्ये वापरायची. पहिल्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पीएल खात्यावर जमा झालेलीच नव्हती, त्यामुळं ते पाच दिवस बिनपगारी धरले तर त्यावर भांडू नका. एकच मुद्दा कमजोर असला की समोरचा तोच धरून बाकीचा अर्ज हाणून पाडतो.

आता कंत्राटी कामगाराचं. त्याच कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत थेट नेमलेला आणि ठेकेदारामार्फत आलेला, दोघंही येतात. मूळ मालकाला (म्हणजे कंपनीला) माहीत असो की नसो, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय कलम 79 मध्ये 240 दिवस 'कारखान्यात' भरायचे आहेत. अमुक ठेकेदाराकडं भरायचे असं कुठंही नाही. मशीन तेच, गेट तेच आणि कागदावर फक्त ठेकेदाराचं नाव बदललं, तर हजेरी पुन्हा शून्यापासून मोजायला या शब्दांत आधार नाही.

वर्ष पूर्ण झालं नाही, हे उत्तर सगळ्यात जास्त दिलं जातं आणि तेच सगळ्यात पोकळ आहे. कलम 79(3) असं आहे की कामावरून कमी केलं, काढलं, राजीनामा दिला, निवृत्त झाला किंवा कामगार वारला, तर तोवर केलेल्या कामावर 20 ला 1 या दरानं रजेचे पैसे द्यायचे, 240 दिवस भरलेले नसले तरीही. म्हणजे ब्रेक दिल्यानं रजा बुडत नाही. उलट ज्या दिवशी ब्रेक दिला त्या दिवशी तिचे पैसे देणं लागू झालं. मुदत आहे दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत. निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिने. अकरा महिन्यांनी ब्रेक देणाऱ्यांपैकी फार थोडे हे पैसे देतात, कारण कामगार मागतच नाहीत. तुमच्या भावाचे तर 240 च्या वर 40 दिवस जास्त आहेत.

लॅप्स होण्याचं म्हणाल तर पीएल 30 दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते. आणि नियमाप्रमाणं मागितलेली रजा नाकारली असेल तर तिला 30 ची मर्यादाही नाही. 31 डिसेंबरला संपते ती सीएल, म्हणजे किरकोळ रजा. कारखान्याच्या कायद्यात सीएल हा प्रकारच नाही, ती कंपनीच्या करारातून किंवा स्थायी आदेशातून (कारखान्याच्या सेवा-नियमांतून) मिळते. ऑफिसात दोन्ही एकाच नियमात गुंडाळतात आणि पीएलसुद्धा शून्य करून टाकतात.

हिशेब असा. 280 भागिले 20 म्हणजे 14 दिवस. (भागाकार पूर्ण येत नसेल तर जुन्या कायद्यात अर्धा किंवा जास्त उरला की एक दिवस धरतात, त्याखालचं सोडतात.) दर काढायचा तो आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या कमाईची सरासरी. ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा, महागाई भत्ता धरायचा. 15,600 भागिले 26 म्हणजे रोज 600 रुपये. 14 दिवसांचे 8,400.

इथं एक जागा बारकाईनं बघा. पैसे द्यायला तयार झालेला ठेकेदारही बऱ्याचदा फक्त मूळ पगार घेतो आणि 30 नं भागतो. 10,400 भागिले 30 गुणिले 14 केले की 4,853 रुपये होतात. साडेतीन हजारांचा फरक तिथल्या तिथं पडतो आणि कागदावर 'पीएल 14 दिवस अदा' असं बरोबर दिसतं. दिवस मोजून थांबू नका, दर विचारा. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता म्हणजेच महागाई भत्ता आहे, तो सोडता येत नाही.

अंबड चौफुली

वरचं सगळं बरोबर आहे. मागायचं कसं ते लिहितो.

तोंडी मागू नका. हिशेबाच्या वेळी 'फुल अँड फायनल' म्हणून एक छापील कागद पुढं करतात. त्यावर 'माझं सर्व येणं मिळालं, कोणतीही तक्रार नाही' असं असतं आणि रकमेची जागा कोरी. कोऱ्यावर सही करायची नाही. बाकीच्या पगारासाठी सही करावीच लागली तर सहीच्या वर हातानं लिहा: 'रजेचे पैसे मिळालेले नाहीत, तो हक्क राखून.' आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हजेरीचा पुरावा ठेकेदार देणार नाही असं धरूनच चला. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की महिनावार भरलेले दिवस आणि वेतन दिसतं. ती आकडेवारी ठेकेदारानंच भरलेली असते, त्यामुळं ती नाकारणं त्याला जड जातं. त्याची प्रिंट, पीएफ पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याचा उतारा आणि गेटपासची झेरॉक्स एवढं जोडा. ईएसआयवर दाखवलेले दिवस 280 पेक्षा कमी निघाले तर आधी तेच भांडण आहे. काही ठेकेदार 26 हजेऱ्यांच्या जागी 20 दाखवतात, म्हणजे वर्गणीही कमी आणि रजाही कमी.

अर्ज ठेकेदाराच्या नावानं करा आणि प्रत कंपनीच्या एचआरला द्या. प्रत फार महत्त्वाची आहे. ठेकेदारानं वेतन दिलं नाही तर मूळ मालकानं द्यायचं आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचं, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) मध्ये होती, नव्या संहितेतही ठेवली आहे. कंपनीला लेखी कळलं की ठेकेदाराचं बिल अडकायची भीती उभी राहते आणि बहुतेक वेळा पैसे तिथंच निघतात. मजकूर एवढाच पुरे:

'मी दि. … ते दि. … या काळात आपल्यामार्फत … या कारखान्यात 280 दिवस काम केले आहे. दि. … रोजी मला कामावरून कमी करण्यात आले. माझ्या 14 दिवसांच्या शिल्लक रजेचे वेतन प्रतिदिन रु. 600 प्रमाणे रु. 8,400 दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत देणे बंधनकारक असताना अद्याप मिळालेले नाही. ते माझ्या बँक खात्यात जमा करावे.'

शेवटी खाते क्रमांक, तारीख, सही. इनवर्डला (आवक नोंदीला) अर्ज घेतल्याचा शिक्का मिळत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्यावर भिस्त ठेवू नका.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करा, ठेकेदार आणि कंपनी दोघांविरुद्ध. रजेचं रजिस्टरच ठेवलेलं नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडंही एक अर्ज टाका. कारखान्याची तपासणी त्यांच्याकडं असते. रजेचे थकलेले पैसे म्हणजे थकलेलं वेतनच, हे जुन्या कायद्याच्या कलम 82 मध्ये आहे, त्यामुळं वसुलीचा रस्ताही वेतनाचाच. वेतन प्रदान कायद्यात दाव्याला 12 महिने मिळायचे, वेतन संहितेत 3 वर्षं केली आहेत. तरी थांबू नका. ठेकेदाराचा ठेका संपला की त्याला शोधत बसावं लागतं.

गंजगोलाई

याच धाग्यात विचारते. लातूरला बहीण कापड दुकानात कामाला आहे, तिथं 14 जण आहेत. तिला हे 20 ला 1 लागू आहे का? आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, दुकान चालू ठेवलं आणि ती गेली नाही म्हणून पगार कापला. तो कापता येतो का?

पगारपत्रक

ताई, दुकानाला कारखान्याचा कायदा लागत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 लागतो. त्यातही 240 दिवसांवर 20 ला 1 रजा आहेच आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. शिवाय वर्षाला 8 किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर संपतात. वेगळ्या 8 पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या आणि बाकी चार मालक-कामगारांनी स्थानिक परंपरेप्रमाणं वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या.

17 सप्टेंबर त्या पहिल्या चारात नाही. म्हणजे तो आपोआप पगारी होत नाही, पण दुसऱ्या चारात घालता येतो. मराठवाड्यातल्या दुकानात तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. दिवाळी, गौरी, पोळा यांच्याबरोबर तो डिसेंबरातच लेखी मागा, 14 जणांच्या सह्यांनी. जानेवारी उजाडला की मालक म्हणतो यादी झाली. या वर्षीची यादी बनलीच नसेल तर तो मालकाचा दोष आहे, आणि त्या आधारे कापलेला एक दिवस परत मागता येतो किंवा तो किरकोळ रजेत धरायला सांगता येतं. दुसरा रस्ता सोपा आहे.

एक अडचण मात्र लक्षात घ्या. हा कायदा 2017 मध्ये 10 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू केला होता. ही मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2025 मध्ये घेतला आहे. 14 माणसांचं दुकान नेमकं या दोन आकड्यांच्या मध्ये येतं. म्हणून आधी साठलेली रजा किती आहे ते मालकाकडून आताच लेखी घेऊन ठेवा.

श्रमसंहिता

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळं मूळ प्रश्नाला त्याची जोड देतो. कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता 2020 नं घेतली, रजा तिच्या कलम 32 मध्ये आहे. 20 ला 1 तसंच राहिलं. 30 दिवसांची साठवणही तीच. 240 च्या जागी 180 दिवस आले, आणि तेही त्याच कॅलेंडर वर्षातले. मोठा बदल असा की वर्षअखेर शिल्लक रजेचे पैसे कामगाराला मागता येतात आणि 30 च्या वरची रजाही विकता येते. आधी कारखान्यात काम चालू असताना रजा विकायचा हक्क कायद्यात नव्हता, मालकाच्या मर्जीवर होता.

सोयगावच्या भाऊंच्या बाबतीत ब्रेक त्या तारखेनंतरचा आहे, पण 280 दिवस दोन्ही कायद्यांत बसतात, 14 दिवसही दोन्हींत तेवढेच, मुदतही दोन कामाचे दिवस. ठेकेदार 'आता नवीन कायदा आला, नियम व्हायचेत' म्हणाला तरी रक्कम बदलत नाही.

दर मात्र इतरांनी जपून बघावा. संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम वगैरे बाहेर. पण बाहेरच्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात येतो. म्हणजे कुणाला 15,600 मध्ये मूळ फक्त 5,000 दाखवलं आणि बाकी सगळं भत्त्यांत टाकलं, तरी किमान 7,800 धरावेच लागतात. आतेभावाचा पूर्ण पगार मूळ आणि विशेष भत्ताच आहे, म्हणून त्याचे 600 कुठं कमी होत नाहीत.

सुपरवायझर म्हणून 18,000 च्या वर पगार असलेले संहितेच्या 'कामगार' व्याख्येबाहेर जातात. नुसत्या पदनामानं नाही, काम खरंच देखरेखीचं असावं लागतं. प्रेस चालवणाऱ्याला लाइन सुपरवायझर लिहून रजा बुडवलेली दिसली तर हजेरी पुस्तक आणि मशीनची लॉगशीट दाखवा.

सोयगावचा

सगळ्यांचे आभार. अर्ज आजच करतो. अजून एक: जुलैत तो कावीळ होऊन नऊ दिवस घरी होता, ते दिवस पीएलमधून वळते करू म्हणतात. चालतं का?

अंबड चौफुली

नाही. ईएसआय कापलं जातं म्हणजे आजारपणाचे पैसे ईएसआयसीकडून घ्यायचे. जुलै ते डिसेंबर हा लाभाचा काळ आहे, त्यासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीच्या काळात 78 दिवस भरलेले लागतात. जानेवारीला नवीनच लागला असेल आणि त्याआधी कुठंही विमा नसेल, तर हा नियम नव्या विमाधारकाला तसाच्या तसा लागत नाही, म्हणून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विमा क्रमांक घेऊन त्याचा लाभकाळ विचारा. पात्र असला तर सरासरी रोजच्या वेतनाच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पहिले दोन दिवस सोडून. दाखला मात्र ईएसआयच्या दवाखान्याचा किंवा त्यांच्या डॉक्टरचा हवा, नुसती खाजगी चिठ्ठी चालत नाही.

ते नऊ दिवस 280 हजेऱ्यांत मोजलेले नसतील. तसं असेल तर 14 दिवसांतून काहीही वजा होत नाही, अर्जात 8,400 च लिहा. आणि जानेवारीत परत घेतलं तर पीएफचा तोच यूएएन आणि ईएसआयचा तोच विमा क्रमांक द्या. नवीन नंबर काढायचा आग्रह धरला तर सही करू नका. जुन्या नंबरवरूनच पुढं सेवा सलग दाखवता येते.