जनुक-प्रथिनांचा अभ्यास : बायोप्सी पुरे, की पेट स्कॅनही हवा?

धंतोलीकर (धागाकर्ता): सुई जिथे टोचली तिथलंच बायोप्सी सांगते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ (ट्रेसर) शिरेतून देतात आणि तो अंगात कुठे साठला ते दिसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कधी एकाच बाईच्या काखेतल्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारं प्रथिन) असतो, हाडातल्या गाठीत नसतो. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं एफईएस (त्या रिसेप्टरला चिकटणारा ट्रेसर) शिरेतून दिलं की कुठे रिसेप्टर आहे ते एका स्कॅनमध्ये कळतं. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. नागपुरात संशोधनाला पैसा मिळाला तर आधी इथे लावावा.

स्लाइडवाला: धंतोलीकर, यकृतातल्या गाठीचं काय? एफईएस यकृतात एरवीही भरतं, तिथली गाठ त्यात हरवते. आणि साधं एफडीजी (साखरेसारखा ट्रेसर) तर टीबीच्या गाठीतही चमकतं. विदर्भात हे रोजचं आहे. मग शेवटी सुई टोचायला आमच्याचकडे पाठवता ना!

धंतोलीकर: यकृताचं मान्य. पण तुमची बायोप्सीची स्लाइड मेलेल्या पेशीची असते. उंदरात हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं थायमिडीन कायनेज जनुक घाला. ते जिथे चालू, तिथे त्याचं एन्झाइम ट्रेसरला फॉस्फेट लावून पेशीत अडकवतं. तोच उंदीर पुढच्या महिन्यातही स्कॅन करता येतो. स्लाइडसाठी दर वेळी नवा उंदीर मारावा लागेल.

स्लाइडवाला: बाहेरून घातलेलं जनुक ते! माझ्या पेशंटचं स्वतःचं कोणतं जनुक त्यात दिसलं? शिवाय विषाणूचं प्रथिन शरीराला परकं, प्रतिकारशक्ती त्या पेशींवरच तुटून पडू शकते.

हॉटलॅब_नागपूर: दोघंही कागदावर भांडून राहिले, भाऊ. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटं. डोस बाहेरून येणार आणि गाडी दोन तास लेट झाली, की शिशाच्या डब्यात निम्म्याहून कमी उरतं. कार्बन-११ तर २० मिनिटांचं, सायक्लोट्रॉन (ते बनवणारं यंत्र) शेजारीच पाहिजे. मी म्हणतो गॅलियम-६८ पासून सुरू करा. त्याच्या जनरेटरमध्ये जर्मेनियम-६८ असतं, त्याचंच गॅलियम होतं; ते २७१ दिवसांनी अर्धं होतं, रोज सकाळी दूध काढल्यासारखं गॅलियम काढायचं. त्याने प्रोस्टेटच्या गाठीत पीएसएमए (त्या कॅन्सरच्या पेशींवरचं) प्रथिन दिसलं, तर त्याच पत्त्यावर ल्युटेशियम-१७७ (पेशी मारणारं किरणोत्सारी मूलद्रव्य) पाठवून उपचारही होतो. हे बायोप्सीत कुठून आणणार?

स्लाइडवाला: पीएसएमए मानलं. तिथे सगळ्या गाठींचा हिशोब लागतो, तो सुईने होत नाही. पण ते प्रथिन तिथे काहून वाढलं, कोणत्या म्युटेशनने (जनुकातल्या बदलाने), हे स्कॅन सांगत नाही. त्याला ऊतीचा तुकडाच लागतो. माझ्या हाती पैसा दिला तर आधी सिक्वेन्सर (जनुकांचा क्रम वाचणारं यंत्र) घेईन.

धंतोलीकर: घ्या. पण नमुना कोणत्या गाठीतून घ्यायचा, हे ठरवायला स्कॅनच बघाल.