मदत हवी आहे : रेडक्लोकने खरी फिलॅक्टरी स्वतःजवळ का ठेवली असावी?

नमस्कार. रिच बर्ल्यू यांचे 'ऑर्डर ऑफ द स्टिक' हे वेबकॉमिक नियमितपणे वाचणारे काही जण येथे आहेत, असे जुन्या चर्चांवरून दिसते. त्यांच्याकडून एका प्रश्नावर मदत हवी आहे. पुढे कथेतील बहुतेक सगळी गुपिते उघड होणार आहेत, त्यामुळे ज्यांना हे कॉमिक अजून वाचायचे आहे त्यांनी कृपया येथेच थांबावे.

हे कॉमिक २००३ साली सुरू झाले आणि बाराशेहून अधिक भागांनंतर आता शेवटाकडे आले आहे, त्यामुळे मधले संदर्भ अनेकांच्या विस्मरणात गेले असतील. म्हणून प्रश्नापुरती उजळणी करतो. रेडक्लोक हा गॉब्लिन जमातीचा पुरोहित आहे. ॲझ्युअर सिटीच्या सफायर गार्डमधील योद्ध्यांनी त्याच्या लहानपणीच्या गावावर हल्ला करून कत्तल केली, आणि त्याच दिवशी मेलेल्या गुरूच्या अंगावरचा लाल झगा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला. झगा घेताच 'डार्क वन' या गॉब्लिनांच्या देवाची सगळी योजना त्याला समजली. स्नार्ल नावाच्या, देवांनाही मारू शकणाऱ्या शक्तीला कोंडून ठेवणारे जे पाच दरवाजे आहेत, त्यांपैकी एक ताब्यात घेऊन त्यावर एक विधी करायचा, आणि मग त्या धाकाने इतर देवांकडून गॉब्लिनांसाठी न्याय्य वाटा मिळवायचा, अशी ती योजना. या विधीला पुरोहिताबरोबर एक जादूगारही लागतो. त्यासाठी रेडक्लोकने झायकॉनला हाताशी धरले, पुढे त्याला लिच (मरणानंतरही जादूने वावरणारा जादूगार) केले, आणि विधीनंतर दरवाजा तुझ्याच ताब्यात येईल असे खोटे सांगून आजवर खेळवत ठेवले.

लिचचा देह नष्ट झाला तरी त्याचा आत्मा फिलॅक्टरी या जादुई वस्तूत सुरक्षित राहतो आणि काही दिवसांत तिच्याजवळच त्याला नवा देह मिळतो. झायकॉनची फिलॅक्टरी म्हणजे मुळात रेडक्लोकच्याच गळ्यातले धर्मचिन्ह होते. ॲझ्युअर सिटीतल्या लढाईत ती गटारात पडली, आणि ती सापडेपर्यंत झायकॉन शहरातून हलायला तयार नव्हता. अखेर ती सापडली. रेडक्लोकने झायकॉनच्या हाती बनावट फिलॅक्टरी दिली, ती झायकॉनने ॲस्ट्रल प्लेन या वेगळ्या जगातल्या आपल्या किल्ल्यात नेऊन ठेवली, आणि खरी रेडक्लोककडेच राहिली. माझा प्रश्न या अदलाबदलीबद्दल आहे.

बहुतेक वाचकांचे उत्तर सरळ आहे. विधी पार पडला की झायकॉनची गरज संपेल, आणि मग रेडक्लोक फिलॅक्टरी फोडून त्याचा कायमचा निकाल लावेल. झायकॉनच्या गोटातल्या त्सुकिकोच्या प्रसंगाने या तर्काला बळकटी येते, हे मलाही मान्य आहे. ती जादूगारही होती आणि पुरोहितही, त्यामुळे विधीचे दोन्ही भाग ताडून पाहणे तिला शक्य होते, आणि झायकॉनला सांगितलेले फळ या विधीतून मिळणार नाही हे तिने नेमके ओळखले. तेव्हा रेडक्लोकने तिने स्वतः उठवलेली प्रेते आपल्या हुकमतीखाली घेतली आणि त्यांच्याकरवीच तिचा जीव घेतला. त्या भागात तो जराही आवाज चढवत नाही. शाळेत धडा शिकवावा तसा तो तिला समजावतो की उठवलेली प्रेते म्हणजे हत्यारे, आणि हत्याराशी नाते जोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. हे बोलणे झायकॉनलाही उद्देशून आहे, याविषयी मला शंका नाही.

तरीही हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण राइट-आय आहे. २००७ साली आलेल्या 'स्टार्ट ऑफ डार्कनेस' या स्वतंत्र पुस्तकात रेडक्लोकच्या या धाकट्या भावाची हकीकत येते. झगा अंगावर असेपर्यंत रेडक्लोकचे वय वाढत नाही. धाकटा भाऊ मात्र डोळ्यांदेखत प्रौढ होतो, योजनेवरचा त्याचा विश्वास उडतो, तो घरसंसार मांडतो, आणि शेवटी झायकॉनला संपवायला निघतो. त्या क्षणी रेडक्लोक झायकॉनला वाचवण्यासाठी सख्ख्या भावाला ठार करतो. झायकॉनला हे सगळे ठाऊक असते, आणि तो ते रेडक्लोकला तोंडावर सांगतो : आता माझी साथ सोडलीस तर भावाला विनाकारण मारले हे तुला कबूल करावे लागेल, आणि ते तुला कधीच झेपणार नाही.

मला वाटते, रेडक्लोकच्या डावपेचांचा उलगडा त्याच्या हुशारीत शोधणे ही मूळ दिशाच चुकीची आहे. तो जे काही ठरवतो ते त्या एका खुनाचे समर्थन टिकून राहील अशा बेताने ठरवतो. नायकांच्या गटातला पुरोहित डर्कन याने आपल्या देवाचा, थॉरचा, निरोप आणला तो प्रसंग आठवावा. स्नार्लला कायमचे बंदिस्त करायचे तर इतर तीन देवसमूहांकडे नसलेली, केवळ डार्क वनकडे असलेली चौथ्या रंगाची दैवी शक्ती लागते. ती द्या आणि बदल्यात गॉब्लिनांसाठी वाटाघाटी करा, असा तो प्रस्ताव होता. योजनेचे उद्दिष्ट रक्ताचा थेंबही न सांडता पदरात पडत होते. रेडक्लोकने ते ऐकून घेतले, नाकारले, आणि ती भेट लढाईत संपली. ध्येय महत्त्वाचे असते तर त्याने किमान विचारासाठी वेळ मागून घेतला असता. पण प्रस्ताव मान्य करणे म्हणजे झायकॉनची गरज कधीच नव्हती असे म्हणण्यासारखे होते, आणि मग राइट-आय कशासाठी मेला?

हे निदान बरोबर असेल, तर रेडक्लोक झायकॉनला कधीच मारू शकणार नाही, निदान विधी होण्याआधी तर नाहीच. मग एवढा जीव धोक्यात घालून खरी फिलॅक्टरी जवळ बाळगण्याचे प्रयोजन काय? माझ्या निदानात न बसणारी ही एकच गोष्ट आहे आणि तिच्यावर मी अडलो आहे. त्याच्या मनात नेमके काय असावे, आणि कॉमिकमधले कोणते प्रसंग तुमच्या मताला आधार देतात, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

तुमचे राइट-आयविषयीचे निदान मला पटते, मात्र फिलॅक्टरी जवळ ठेवणे म्हणजे दगाफटक्याचीच तयारी, हे गृहीतक तपासून पाहायला हवे. लिअरियन, डोरुकन, सून आणि गिरार्ड यांचे दरवाजे नष्ट झाले आहेत आणि उत्तरेकडचा क्रागोरचा एकच दरवाजा उरला आहे. आता चुकीला वाव नाही. अशा वेळी लढाईत झायकॉनचा देह नष्ट झाला आणि खरी फिलॅक्टरी ॲस्ट्रल प्लेनवर असली, तर तो तिथे, दरवाजापासून दूर, नव्याने उभा राहील आणि विधी खोळंबेल. फिलॅक्टरी रेडक्लोकजवळ असली तर झायकॉन त्याच्याच शेजारी परत येतो. पहिल्याच पर्वात कथेचा नायक रॉय याने झायकॉनला डोरुकनच्या दरवाजावर फेकून नष्ट केले, तेव्हा रेडक्लोक फिलॅक्टरी घेऊन निसटला म्हणूनच पुढचे सगळे घडले. ज्याने हे एकदा अनुभवले आहे तो फिलॅक्टरी दुसऱ्या जगात पाठवू देणार नाही. त्यामुळे ही अदलाबदल योजनेच्या रक्षणासाठी आहे, असे मला वाटते, आणि असे मानले की ती तुमच्या निदानात सहज बसते.

प्रतिसाद २

मूळ प्रश्नकर्त्यांनी रेडक्लोकला जरा जास्तच बंदिस्त करून टाकले आहे. ॲझ्युअर सिटीच्या वेढ्यात तो गॉब्लिनांच्याच जातकुळीतल्या हॉबगॉब्लिन सैनिकांना बेफिकिरीने मरायला पाठवत होता, कारण आपल्या जमातीपुढे तो त्यांना हलके मानत असे. मग त्यांच्यातल्याच एकाने स्वतःचा जीव देऊन त्याला वाचवले, आणि त्याच रणात त्याची वागणूक पालटली. पुढे गॉब्बोटोपिया हे गॉब्लिनांचे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले त्याचे मूळ मी त्या क्षणात पाहतो. आपण चुकलो हे मान्य करून बदलणे त्याला अशक्य असते, तर हे घडलेच नसते. राइट-आयच्या बाबतीत ते अतिशय अवघड आहे, पण अवघड आणि अशक्य यांत फरक करायला हवा. माझा अंदाज असा की भावाने जे करायचे ठरवले होते ते एक दिवस स्वतःच्या हाताने पुरे करण्याची वाट त्याने मनात कुठेतरी उघडी ठेवली आहे, आणि फिलॅक्टरी हे त्याचे साधन आहे. हे तो स्वतःशीही उघडपणे बोलत नसेल. सफायर गार्डमधल्या ओ-चुल या योद्ध्याशी झालेल्या झटापटीत त्याचा डोळा गेला आणि झायकॉनने तो बरा करू दिला नाही, तेव्हापासून तोही भावासारखाच एका डोळ्याने जगतो आहे. लेखकाने हे साम्य उगाच योजलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातला डोरुकनच्या दरवाजाचा संदर्भ फार मोलाचा आहे आणि तो माझ्या ध्यानात आला नव्हता. मात्र त्यातूनच एक नवी अडचण उभी राहते. झायकॉनचा देह आता नष्ट झाला आणि तो ॲस्ट्रल प्लेनवरच्या किल्ल्याऐवजी रेडक्लोकच्या शेजारी उभा राहिला, तर अदलाबदल त्याच क्षणी उघडकीला येईल. म्हणजे ज्या प्रसंगासाठी खरी फिलॅक्टरी जवळ ठेवायची, त्याच प्रसंगात ती ठेवणाऱ्याचा घात करणार. विधीतल्या मंत्राचा शब्दन् शब्द जपणारा रेडक्लोक हे विसरला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. तेव्हा ऐन वेळी सांगण्यासाठी त्याने काही कारण रचून ठेवले असेल, किंवा त्या क्षणापर्यंत आपल्याला निर्णय घ्यावाच लागेल अशी परिस्थिती त्याने स्वतःवर ओढवून घेतली असेल. दुसरी शक्यता खरी असेल, तर दुसऱ्या प्रतिसादातले म्हणणे मला जवळचे वाटते, कारण स्वतःहून न घेता येणारा निर्णय परिस्थितीकडून करवून घेणे हे त्याच्या स्वभावाला धरून आहे.

आता माझी विनंती झायकॉनपुरती आहे. बावळटपणाचे सोंग घेऊन समोरच्याला गाफील ठेवणे हा त्याचा हातखंडा डाव आहे, आणि राइट-आयच्या बाबतीत त्याने सगळे कळूनही वेळ येईपर्यंत तोंड मिटून ठेवले होते. बनावट फिलॅक्टरी हाती घेतल्यापासून ती किल्ल्यात ठेवेपर्यंतच्या भागांत त्याच्या एखाद्या वाक्यावरून किंवा चित्रातल्या एखाद्या तपशिलावरून त्याला संशय आला असल्याचे कोणाला जाणवले असेल, तर तो भाग कोणता हे कृपया कळवावे. ते सगळे भाग मी या आठवड्यात पुन्हा वाचायला घेणार आहे.