विशेष मुलांची दिवाळी: तुमचे अनुभव लिहा

दरवर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी आमच्या भागातल्या चार सोसायट्या मिळून विशेष मुलांसाठी दिवाळी करतात. यंदा सहावं वर्ष. नव्या स्वयंसेवकांना नेमकं काय सांगायचं, यात मी दरवेळी कमी पडते. म्हणून हा धागा. अशा कार्यक्रमात राबलेल्यांनी लिहा, मुलांना घेऊन गेलेल्या आईबाबांनी लिहा. चुका झाल्या असतील तर त्या आधी लिहा. सुरुवात माझ्या चुकीने करते.

पहिल्या वर्षी आम्ही ढोल ठेवले होते. पहिली थाप पडली आणि नऊ वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा कान दाबून स्टेजखाली शिरला. मी माईकवरून म्हणाले, "चला, सगळे मिळून त्याला हाक मारू या!" शंभरेक माणसांनी त्याचं नाव पुकारलं. तो आणखी आत सरकला. त्याची आई बाहेर जमिनीवर बसून होती, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही.

दुसऱ्या वर्षी माईक नाही, ढोल नाही. किल्ला केला. दगड रचले, त्यावर चिखलात भिजवलेली गोणपाटं टाकली, लाल माती, बादल्या, मावळे. मुलांच्या घरी आठवडाभर आधी चित्रं पाठवली: फाटक, माती, पाणी, फराळ, परत घर. तो मुलगा आला. दोन तास खंदकच खणत होता. मध्येच त्याने माझं मनगट धरलं आणि माझा हात रिकाम्या बादलीवर नेऊन ठेवला. त्याला पाणी हवं होतं. मी आणून दिलं. त्या दिवसातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच. जाताना त्याने किल्ल्यावर अळीव पेरले. चार-पाच दिवसांनी हिरवं फुटल्यावर आई त्याला मुद्दाम दाखवायला घेऊन आली.

सांगलीहून, परिचारिका

ताई, फराळाचं लिहिते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं, असलेल्या बऱ्याच मुलांना गिळायला त्रास होतो. चिवड्यातला शेंगदाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. प्रेमाने घास भरवायला जाऊ नका, आधी आईला विचारा. आम्ही आई सांगेल त्याप्रमाणे रव्याचा लाडू दुधात कालवून देतो, मूल ताठ बसलेलं असतानाच.

आणि फीट. एका वर्षी लुकलुकणाऱ्या माळांसमोर एका मुलीला फीट आली. माळांमुळेच आली असं म्हणणार नाही, पण काही जणांना तशा उजेडाने येते, म्हणून आता आमच्या माळा स्थिर असतात. तेव्हा कुणी कांदा आणायला धावलं, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. यातलं काहीच करायचं नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. हे आदल्या दिवशीच्या बैठकीत प्रत्येकाला करून दाखवा, नुसतं वाचून दाखवू नका.

मडगावहून

आमचा कार्यक्रम नाताळचा. सांताक्लॉजची दाढी पाहून दोन मुलं ओरडत सुटली होती. आता सांता होणारे काका साध्या कपड्यांत येतात, मुलांसमोर बसून आधी टोपी घालतात, मग कोट, दाढी सगळ्यात शेवटी. ज्याला हवी त्याने ओढून बघायची. गोठ्यातलं गवत, मेंढ्या, बाळ येशूही हाताला येतील अशा उंचीवर ठेवतो. एका अंध मुलीने मेंढ्या मोजल्या. सात होत्या. आम्हाला वाटत होतं सहा.

नागपूरहून

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय 34. लहानपणी अशा खूप कार्यक्रमांना नेलं गेलो. रांगेत व्हीलचेअर, मांडीवर खाऊचा पुडा, फोटो. माझ्यासमोर आईला विचारायचे, "याला काय आवडतं?" आईने उत्तर दिलं की पुढे जायचे.

एकदा कॉलेजचा एक दादा मलाच विचारून उभा राहिला. मला एक वाक्य बोलायला खूप वेळ लागतो. तो मध्ये बोलला नाही, माझा शब्द त्याने पुरा केला नाही. मी सांगितलं, भुईचक्र, जवळून. त्याने आईला विचारून माझी खुर्ची बेताच्या अंतरावर नेली आणि चक्र पेटवलं. तेवीस वर्षं झाली याला.

आयोजकांना एक विनंती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि तुमच्या फॉर्मवर 'विशेष मूल' असा एकच रकाना असतो. मूल कसं बोलतं, त्याला काय सोसत नाही, शौचालयात कुणाची मदत लागते, हे विचारा. आणि फोटोची परवानगी मुलाकडूनही घ्या.

ठाण्याहून, एक आई

सगळं पटलं, पण ढोल-लेझीम पार बंद करू नका हो. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे आणि लेझीम हा तिचा जीव आहे. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात "मुलांना आवाज चालत नाही" म्हणून सगळं शांत ठेवलं. ती घुंगरांची लेझीम घरून घेऊन गेली होती. पूर्ण वेळ ती पिशवीतच राहिली.

धागा सुरू करणारी

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच बाकीच्यांशी बोलले. लेझीम पाच वाजता, मैदानाच्या फाटकाकडच्या टोकाला. किल्ला मागच्या अंगणात, मध्ये इमारत येते. वेळ चित्रांच्या पत्रकात आधीच घालतो, म्हणजे ज्यांना नको ते त्याआधी घरी जाऊ शकतील. ठाणे काही लांब नाही. लेकीला घेऊन या, लेझीमसकट.