मदत हवी: ऑक्टोकिट ४ वरून ९ वर जाताना रिट्राय अडतो, शिवाय इश्यू दोनदा उघडतात

नमस्कार मंडळी,

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत नेहमी काम करणारं कोणी असेल तर कृपया वेळ काढून पाहा. मी घाटंजी तालुक्यातला (जि. यवतमाळ). आमच्याकडच्या कपाशीतल्या कामगंध सापळ्यांची नोंद आमचा शेतकरी गट गिटहबवर (कोड आणि नोंदी ठेवायची वेबसाइट) ठेवतो. गावागावातली पोरं सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून आकडे एका फाइलीत टाकतात. रुबीची स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग दिसले, की त्या गावाच्या नावानं गिटहबवर इश्यू, म्हणजे एक नवी नोंद, उघडते. इश्यू उघडला की गटातल्या सगळ्यांना मेल जातो आणि त्यावरून फवारणीचं ठरतं.

आता जुना संगणक बदलला, नवीनवर रुबी ३.२ टाकलं आणि ऑक्टोकिट (रुबीतून गिटहबशी बोलणारी लायब्ररी) ४ च्या मालिकेवरून ९ वर नेलं. सोबत ऑक्टोकिट ज्याच्यामार्फत वेबवर विनंत्या पाठवतं ते फॅराडेही २ वर गेलं. तेव्हापासून स्क्रिप्ट सुरू होतानाच 'फॅराडे::रिक्वेस्ट::रिट्राय' (फसलेली विनंती आपोआप पुन्हा पाठवणारा भाग) सापडत नाही म्हणून नेमएरर देऊन बंद पडते. ती ओळ काढली तर चालते, पण मग नेट तुटलं की इश्यू उघडतच नाही. इथं नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, वीज गेली की टॉवरही जातो, त्यामुळे रिट्रायशिवाय भागत नाही.

दुसरी अडचण जुन्या आवृत्तीपासूनच आहे. कधीकधी एकाच गावाचे दोन इश्यू उघडतात. हे मला फार खुपतं. दुसरा मेल पाहून कोणी परत पंप पाठीवर घेतला तर नुसता औषधाचा खर्च होत नाही. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. एकही फवारणी विनाकारण व्हायला नको.

स्टॅकमधली (विनंती ज्या टप्प्यांतून जाते त्यांच्या मांडणीतली) रिट्रायची ओळ अशी आहे: जास्तीत जास्त ३ वेळा, मेथड्सच्या यादीत गेट (माहिती मागवणं) आणि पोस्ट (नवं काही तयार करणं) दोन्ही.

प्रतिसाद १

भाऊ, आधी ऑक्टोकिट आणि फॅराडे वेगवेगळे वर न्या. जेमफाइलमध्ये (रुबीच्या लायब्रऱ्यांची, म्हणजे जेमची यादी) फॅराडे १ च्या मालिकेवर बांधून ठेवा, त्यावर नवं ऑक्टोकिट चालतं. सगळं सुरळीत दिसलं की मगच फॅराडे २. म्हणजे मोडलं तर कशानं मोडलं ते कळतं.

नेमएररचं कारण सोपं आहे. २०२२ च्या जानेवारीत फॅराडे २ आलं तेव्हा रिट्राय मुख्य जेममधून काढून 'फॅराडे-रिट्राय' या वेगळ्या जेममध्ये नेला. तो जेम जोडा आणि ओळीत 'फॅराडे::रिट्राय::मिडलवेअर' असं नाव द्या. आणखी एक जपा. तुम्ही स्वतःचा स्टॅक न लावता ऑक्टोकिटचाच वापरला आणि हा जेम नसला, तर एररसुद्धा येत नाही. सुरुवातीला एक सूचना छापली जाते आणि पुढे सगळं रिट्रायविना चालत राहतं. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती सूचना कोणाच्या नजरेस पडत नाही.

प्रतिसाद २

दुहेरी इश्यूचं मूळ त्या 'पोस्ट'मध्ये आहे. विनंती गिटहबपर्यंत पोचते, इश्यू तयार होतो, पण उत्तर परत येताना तुमचं नेट जातं. स्क्रिप्टला वाटतं काम झालंच नाही, म्हणून ती तेच पुन्हा पाठवते. फॅराडे-रिट्राय आपणहून गेट, हेड, ऑप्शन्स, पुट आणि डिलीट एवढ्यांनाच परत पाठवतो. पोस्ट त्यात नाही, ते याचसाठी. यादीतून पोस्ट काढा.

मग पोस्टचं काय? प्रत्येक इशाऱ्याला कायमची खूण द्या, उदाहरणार्थ गावाचा कोड आणि त्या ३ रात्रींतली पहिली तारीख, आणि ती शीर्षकात ठेवा. उघडण्याआधी यादीत ती खूण आहे का बघा. टाइमआउट आला, म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, तर थोडं थांबून यादी पुन्हा बघा, खूण नसेल तरच परत पाठवा. यादी मागवताना स्टेट 'ऑल' द्या, नाहीतर फक्त उघडे इश्यू मिळतात आणि कोणी बंद केलेला इश्यू स्क्रिप्ट नव्यानं उघडेल. एका पानावर मुळात ३० च येतात, म्हणून पर-पेज १०० आणि ऑटो-पॅजिनेट (पुढची पानं आपोआप मागवणं) चालू ठेवा. गिटहबच्या सर्च एपीआयवर (शोध सेवेवर) मात्र विसंबू नका, नुकताच उघडलेला इश्यू तिथं लगेच दिसेलच असं नाही.

बरीच गावं एकदम आली तर दोन इश्यूंमध्ये निदान १ सेकंद सोडा. गिटहबचंच तसं सांगणं आहे.

प्रतिसाद ३

दादा, रुबी ३.२ वर 'फाइल.एक्झिस्ट्स?' काढून टाकलंय, शेवटचा एस नसलेलं वापरा. आणि तुमच्या स्वतःच्या मेथड्सना कीवर्डच्या (नावानिशी द्यायच्या मूल्यांच्या) जागी हॅश (नाव-मूल्य जोड्यांचा संच) देत असाल तर रुबी ३ पासून आर्ग्युमेंटएरर येतो, तिथं दोन तारका लावून हॅश उलगडा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅराडे आधी १ वर बांधून पाहिलं, मग २ आणि फॅराडे-रिट्राय. नेमएरर गेला. पोस्ट यादीतून काढलं, खूण शीर्षकात टाकली. वेबमॉकनं (चाचणीसाठी खोटी उत्तरं देणारा जेम) पोस्टवर मुद्दाम टाइमआउट आणून आणि यादीत तो इश्यू आधीच आहे असं उत्तर देऊन पाहिलं, दुसरा इश्यू उघडत नाही. ही चाचणी नेट नसतानाही चालते, आमच्यासाठी ते फार सोयीचं.

एक राहिलं: टाइमआउटनंतर यादी बघायला गेलो आणि तेव्हाही नेट नसलं, तर स्क्रिप्टनं किती वेळ वाट पाहावी? सध्या ती खूण एका फाइलीत 'अनिश्चित' म्हणून लिहून ठेवतो आणि पुढच्या क्रॉनला आधी तीच तपासतो. यापेक्षा बरा मार्ग कोणी वापरत असेल तर सांगा. पेरणीनंतर दीडेक महिन्यानं सापळे लागतील, त्याआधी हे पक्कं करायचं आहे.