काट्याचा सर्व्हर: डेबियन की विंडोज?

कापूसकाटा:
हिंगणघाटकडे आमच्या जिनिंगचे तीन काटे आहेत. गाडीचं वजन, शेतकऱ्याचं नाव, भाव, चुकारा, सारं एकाच डेटाबेसात जाते. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे; त्याचे अपडेट ऑक्टोबर २०२३ लाच संपले. वरून एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसची (मायक्रोसॉफ्टचा फुकटचा डेटाबेस) १० जीबीची हद्द जवळ आली. मी हे सारं नागपूरहून सांभाळतो. आता नवं काय घ्यावं? माझं मत डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पोस्टग्रेस (फुकटचा डेटाबेस) यांच्या बाजूनं. मोबाईलले रेंजची एक दांडी असली तरी एसएसएच (दुरून नुसत्या अक्षरी कमांड देणं) चालते, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं (दुरून सर्व्हरची पूर्ण स्क्रीन पाहणं) चित्र अर्ध्यात अडकते. टीमक्समध्ये (सर्व्हरवर सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम) लावलेला बॅकअप कनेक्शन तुटलं तरी चालू राह्यते.

वणीकर:
भाऊ, रिमोट डेस्कटॉप तुटलं तरी सेशन सर्व्हरवर तसंच राह्यते. टीमक्सचं एवढं कवतिक काहून? अन् १० जीबीचं म्हणाल तर एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये हद्द ५० जीबी झाली. विंडोज नवं घ्या, मोकळे व्हा.

खरा प्रश्न नेटच गेल्यावरचा हाय. नोव्हेंबरात फाटकापासून रोडपर्यंत गाड्या लागल्या, अन् काट्यावरचा पोरगा काळ्या स्क्रीनसमोर! विंडोजवर त्याले फोनवरून सांगता येते, "सर्व्हिसेस उघड, राईट क्लिक कर, रिस्टार्ट दाब." लिनक्सची कमांड स्पेलिंगसकट सांगून पाहा बरं एकदा.

कापूसकाटा:
सांगून पाह्यली ना! सर्व्हिस रिस्टार्ट करायच्या 'सिस्टिमसीटीएल' कमांडचं स्पेलिंग सांगता सांगता पोरानं फोनच ठेवला. तो आमचा चाचणीचा सर्व्हर होता म्हणून निभावलं. मग त्यावर साऱ्या कमांडची एक स्क्रिप्ट (एका नावानं चालणारी फाईल) करून ठेवली. "'काटा' टाईप कर, एंटर मार." बस.

अकोल्याची डीबीए:
मी डेटाबेस सांभाळते आणि लिनक्सवालीच आहे, पण दादा, लिनक्स म्हणजे निर्धास्त असं समजू नका. सेंटओएस ८ ला (लिनक्सचाच एक प्रकार) २०२९ पर्यंत अपडेट मिळतील म्हणून आम्ही ते घेतलं. ३१ डिसेंबर २०२१ ला ते गुंडाळलं गेलं. दुसऱ्या एका सर्व्हरवर डेबियन ९ चं १० केलं, तर यादीत दिसणारं नाव शोधल्यावर सापडेना! डेबियन १० सोबत आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये (लिनक्सची मूळ लायब्ररी) अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले होते आणि पोस्टग्रेसचे इंडेक्स (शोधायच्या सूच्या) जुन्याच क्रमाचे. ते नव्यानं बांधेपर्यंत (रीइंडेक्स) रात्र गेली. ऐन हंगामात ओएस बदलू नका, एवढं ऐकाच.

आणि वणीकर, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला सरळ उघडा ठेवला असेल तर आजच बंद करा. ब्लूकीप हे रिमोट डेस्कटॉपमधलं सुरक्षेचं भोक २०१९ मध्ये येऊन गेलं आहे. त्याऐवजी वायरगार्ड (दोन ठिकाणं सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) वापरा, ते विंडोजवरही चालतं. सिमच्या नेटवर बहुधा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणून एक छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवायचा. जिनिंगचा सर्व्हर आतून त्याला जोडलेला राहतो.

धामणगाव ०७:
ते राहू द्या, काट्याचं सॉफ्टवेअर कोणाचं? ते एसक्यूएल सर्व्हरवरच चालत असेल तर पोस्टग्रेस विसरा. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर चालते, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत रेड हॅट, उबुंटू हे लिनक्सचे प्रकार आहेत, डेबियन नाही. अन् सर्व्हरच्या खोलीत कूलर असल तर पयले तो काढा, ओल अन् धूळ दोन्ही आत जाते.

कापूसकाटा:
सॉफ्टवेअर आमच्याच पोरानं लिहिलं, तो बदलून देते. कूलर... आहे.

वणीकर:
३३८९ बंद केला, ताई. विंडोज सोडत नाही. पण कापूसकाटा भाऊ, त्या 'काटा' स्क्रिप्टमंधी काय काय टाकलं ते इथंच लिहा. मी बी विंडोजवर तशीच बॅच फाईल (कमांडची फाईल) करून ठेवतो.