पीव्हीसिस्टमध्ये २१ पॅनेलची स्ट्रिंग लाल दाखवते: किमान तापमान बदलावं का? (निफाड, ५० किलोवॅट)

शेडवरची_वीज

निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसच्या पत्र्यावर १०५ सोलर पॅनेल बसतात, २१ च्या पाच ओळी. सगळे एकाच उतारावर, पत्र्याला समांतर.

पॅनेल: ५४० वॅट, मोनो पर्क, १४४ हाफ-कट सेल. व्हीओसी (काही लोड नसतानाचं व्होल्टेज) ४९.५० व्होल्ट, व्हीएमपी (कमाल पॉवर देतानाचं व्होल्टेज) ४१.६५, आयएससी (शॉर्ट सर्किट करंट) १३.८५ अँपिअर, आयएमपी (कमाल पॉवर देतानाचा करंट) १२.९७. व्हीओसीचा तापमान गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश, पॉवरचा उणे ०.३५. सिस्टिम व्होल्टेज १५००.

इन्व्हर्टर: ५० किलोवॅट, थ्री फेज, कमाल डीसी ११०० व्होल्ट. एमपीपीटी (स्ट्रिंगमधून कमाल पॉवर काढणारा इन्व्हर्टरचा भाग) २०० ते १००० व्होल्ट, पूर्ण लोडची रेंज ५५० ते ८५०. पाच एमपीपीटी, प्रत्येकी दोन इनपुट, प्रत्येक एमपीपीटीला ३० अँपिअर, शॉर्ट सर्किटला ४०.

एका ओळीची एक स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली पॅनेल) केली की पीव्हीसिस्ट (सोलर डिझाइनचं सॉफ्टवेअर) लाल संदेश देतं आणि सिम्युलेशन चालवू देत नाही. त्यात धरलेल्या किमान उणे १० अंशाला व्हीओसी ११३८ येतं, म्हणजे ११०० च्या वर. निफाडला उणे १० कधी होत नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये हे किमान तापमान ५ केलं की १०९६ येतं आणि लाल संदेश जातो. एवढं पुरेसं आहे का? २० ची स्ट्रिंग केली तर पाच पॅनेल उरतात.

थंड_सेल

नाही, ५ अंश धरू नका. उणे १० हा सॉफ्टवेअरचा मूळ आकडा युरोपच्या हवामानाचा आहे आणि तो बदलायला हरकत नाही, पण तो जागेवरच्या थंडीवरून ठरवायचा, हव्या त्या स्ट्रिंगवरून मागे मोजत यायचं नाही. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ च्या खाली उतरलेला आहे. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. निरभ्र रात्री पॅनेलची काच आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि पहाटे आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त गार असते. म्हणून तिथे मी ० धरेन. पणजीसारख्या किनाऱ्यावर १० धरले तरी चालतात, नाशिक जिल्ह्यात नाही.

० अंशाचा हिशेब असा. ४९.५० चे ०.२७ टक्के म्हणजे अंशामागे ०.१३४ व्होल्ट. २५ अंशांचा फरक, म्हणजे ३.३४ ची वाढ, पॅनेलमागे ५२.८४ व्होल्ट. २१ पॅनेलना १११० होतात, मर्यादा ओलांडली. २० ना १०५७.

आणखी एक गोष्ट कोणी धरत नाही: बऱ्याच डेटाशीटवर व्हीओसीला अधिक-उणे ३ टक्के टॉलरन्स (फरकाची मुभा) दिलेला असतो. तुमच्या १०९६ वर ३ टक्के चढवा, ११२८ होतात. २० च्या स्ट्रिंगला ० अंशाला तेच केलं तर १०८८. ती कशीबशी आत बसते, २१ कोणत्याच हिशेबाने बसत नाही.

डीसीडीबी

वरच्या हिशेबाशी सहमत, पण माझ्या मते २० सुद्धा तपासल्याशिवाय घेऊ नये. ११०० ही इन्व्हर्टरची मर्यादा झाली. इन्व्हर्टरच्या आधी डीसीडीबी (स्ट्रिंगच्या केबल ज्यात येतात ती डीसी पेटी) आहे, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच डीसीडीबीत एसपीडी (वीज पडल्यावर येणारा व्होल्टेजचा झटका झेलणारा भाग), फ्यूज आणि आयसोलेटर १००० व्होल्टचे असतात. पीव्हीसिस्टला त्यांची कल्पना नाही, त्यामुळे पडद्यावर सगळं हिरवं दिसूनही १०५७ व्होल्ट १००० च्या एसपीडीवर येऊ शकतात. तो दर हिवाळ्यात थोडा थोडा मरतो आणि पावसाळ्यात वीज पडते तेव्हा उपयोगी पडत नाही.

पाचऐवजी सहा स्ट्रिंग करा: तीन १८ च्या, तीन १७ च्या. ५४ अधिक ५१, बरोबर १०५. एकही पॅनेल उरत नाही. १८ ची स्ट्रिंग ० अंशाला ९५१ आणि उणे १० ला ९७५, म्हणजे मूळ तापमानाला हात न लावताही १००० च्या आत.

उन्हाळ्याची बाजू बघा. पत्र्याला चिकटून बसवलेल्या पॅनेलचा सेल दुपारी ७० अंशांवर जातो, म्हणून पीव्हीसिस्टमधलं उन्हाळी ६० अंश वाढवून ७० करा. तिथे व्हीएमपी ३५.०९ उरतं. १७ पॅनेलना ५९७ व्होल्ट, ५५० च्या वर.

जोडणी: एमपीपीटी १ वर १८ च्या दोन स्ट्रिंग पॅरलल, एमपीपीटी २ वर १८ ची एक, ३, ४, ५ वर १७ ची एकेक. पॅरललमध्ये दोन्हींतली पॅनेलची संख्या सारखीच हवी, १७ आणि १८ एकत्र नको. करंट २५.९ अँपिअर, शॉर्ट सर्किट २७.७, दोन्ही मर्यादेत. खर्च वाढतो तो डीसी केबलची एक जोडी, कनेक्टर आणि डीसीडीबीतलं एक इनपुट एवढाच. स्ट्रिंग एका ओळीतून दुसरीत गेली तरी चालेल, कारण उतार एकच आहे आणि ओळींची सावली एकमेकींवर पडत नाही.

ढगाळ_सकाळ

थोडा वेगळा मुद्दा. पहाटे सेल सर्वांत गार असतो तेव्हा ऊनच नसतं. पीव्हीसिस्ट मात्र किमान तापमान आणि चौरस मीटरला १००० वॅटचं ऊन एकदम धरतं. २०० वॅटच्या उन्हात व्हीओसी साधारण ५ ते ६ टक्के कमी असतं. म्हणजे २१ ची स्ट्रिंग प्रत्यक्षात १०५० च्या पुढे क्वचितच जाईल.

थंड_सेल

भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण ती सूट डिझाइनमध्ये वापरू नये. चालू इन्व्हर्टर स्ट्रिंगला व्हीएमपीवर धरून ठेवतो. थंडीत सकाळी नऊला ग्रिड गेली, ग्रामीण फीडरवर ती जातेच, की स्ट्रिंग त्याच क्षणी व्हीओसीवर उडी मारते, आणि तेव्हा ऊन २०० वॅटपेक्षा बरंच जास्त असतं. ११०० ओलांडल्यावर इनपुटचे कपॅसिटर आणि बूस्टचे स्विच यांचा प्रश्न येतो, आणि इन्व्हर्टरच्या लॉगमध्ये ओव्हरव्होल्टेजची नोंद राहिली की वॉरंटीचा दावा अवघड होतो.

शिवाय ११०० च्या आत राहूनही त्रास होतो. या वर्गातले कित्येक इन्व्हर्टर इनपुट १००० च्या खाली येईपर्यंत सुरूच होत नाहीत. १० अंश आणि २०० वॅटला २१ ची स्ट्रिंग १०२० च्या आसपास असते, म्हणजे सकाळची वीज पॅनेल तापेपर्यंत वाया.

शेडवरची_वीज

सहा स्ट्रिंगचं करून बघितलं. लाल संदेश गेला. पण दोन स्ट्रिंगच्या सब-अ‍ॅरेला पीनॉम गुणोत्तर (पॅनेलची पॉवर भागिले इन्व्हर्टरची) १.९४ येतं आणि ओव्हरलोड लॉस खूप दिसतो. एकूण ५६.७ किलोवॅट पीक, ५० किलोवॅट इन्व्हर्टर, मग हा लॉस कुठून?

डीसीडीबी

पीव्हीसिस्ट आपणहून ५० किलोवॅट पाच एमपीपीटींत सारखे वाटतं, प्रत्येकी १०. एमपीपीटी १ वर ३६ पॅनेल म्हणजे १९.४४ किलोवॅट, म्हणून तिथे खोटी कापणी दिसते. सिस्टिम खिडकीत पॉवर शेअरिंग उघडा, तिन्ही सब-अ‍ॅरे एकाच इन्व्हर्टरखाली घ्या आणि वाटणी पॅनेलच्या प्रमाणात करा. मग गुणोत्तर सगळीकडे १.१३ दिसेल. पण त्याआधी डेटाशीटमध्ये एका एमपीपीटीची कमाल पॉवर वेगळी दिली आहे का ते बघा. दिली असेल तर तेवढी कापणी खरी आहे.

थंड_सेल

हाती काढलेलं व्हीओसी आणि पडद्यावरचं जुळत नसेल तर पॅन फाइल (पीव्हीसिस्टमधली पॅनेलच्या आकड्यांची फाइल) उघडा. सॉफ्टवेअर गुणांक स्वतःच्या एक-डायोड मॉडेलवरून काढतं, आणि तो डेटाशीटपेक्षा वेगळा निघू शकतो. डेटाशीटचा गुणांक वेगळा भरता येतो, पण ती चौकट मिलिव्होल्ट प्रति अंशात असते. तुमच्या पॅनेलला तिथे उणे १३३.७ यायला हवेत. घाईत टक्क्यांचा आकडा तसाच भरला तर थंडीचं व्हीओसी जवळपास वाढतच नाही, आणि कोणतीही लांब स्ट्रिंग हिरवी दिसते.

डीसीडीबी

साइटवर एक काळजी घ्या. १७ आणि १८ च्या केबल डीसीडीबीत हमखास अदलाबदल होतात, म्हणून दोन्ही टोकांना पॅनेलची संख्या लिहिलेली फेरूल (केबलवरची खुणेची नळी) लावा. इन्व्हर्टरला जोडण्याआधी १००० व्होल्ट डीसीच्या मीटरने प्रत्येक स्ट्रिंग मोजा. सेल ४५ अंशांवर असताना १८ ची ८४३ च्या आसपास, १७ ची ७९६ यायला हवी. १८ च्या स्ट्रिंगला ७५० दिसले तर एक पॅनेल उलटं जोडलं गेलंय: त्याचे ४७ जातात आणि आणखी ४७ वजा होतात. उणे चिन्ह दिसलं तर कनेक्टर उलटे क्रिंप झालेत, ती स्ट्रिंग दुसरीशी पॅरलल करू नका.

शेडवरची_वीज

पॉवर शेअरिंगनंतर तिन्हीकडे १.१३ आलं, ओव्हरलोड लॉस जवळपास शून्य. पॅन फाइलमध्ये उणे १३३.७ भरलेत. डीसीडीबीच्या कोटेशनमध्ये एसपीडी १००० व्होल्टचेच आहेत, त्यामुळे १७-१८ हेच पक्कं करतो.